वरचा एक फेरा

किसनजी,

परवा अमरावतीत, तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, भरल्या मांडवात मी तुमच्या लेकीला म्हटलं, "सुशी, आ कर." सुशी आता शाळेत बाई आहे, बावीस वर्षांची आहे, रडून डोळे सुजलेले होते. तरी तिनं निमूट तोंड उघडलं. वरचा, पुढचा, उजवा दात मी दोन बोटांत धरून हलवून पाहिला. हलला नाही. मागं बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "मानूस गेला अन् ह्या डाक्टरले दात सुचून राह्यले!" त्यावर सुशी आणि मी एकदम हसलो. समोर तुमचा फोटो, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि आम्ही दोघं हसतोय. तुम्ही असता तर आमच्याहून मोठ्यानं हसला असता, म्हणून मी कोणाची माफी मागितली नाही.

तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, मागं कोण कोण, हे सगळं माइकवरून सांगून झालं. चांगलं सांगितलं. फक्त सांगणारे गृहस्थ तुम्हाला 'मितभाषी' म्हणाले तेव्हा मला ठसका लागला. अकोल्याच्या माझ्या दवाखान्यात वर्षानुवर्षं तुम्ही जे बोललात, त्यातलं निम्मं जरी त्यांनी ऐकलं असतं तरी हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नसता.

आपली पहिली भेटच वादानं सुरू झाली. कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत मी नुकता दवाखाना थाटला होता. मुंबईत शिकून आलेलो, अंगात पांढरा कोट, आणि दिवसभरात दोन रोगी आले तर दिवाळी. तुम्ही जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यातून तसेच आलात. केसांत कापूस, हाताला ग्रीस, उजवा गाल सुजलेला. आत येण्याआधी बाहेरचा बोर्ड नीट वाचलात आणि म्हणालात, "दात कोरून पोट भरत नाही म्हन्ते लोक. तुमी तं त्याचाच दवाखाना टाकला!"

मी दाढ काढली. तोंडात कापसाचा बोळा धरून तुम्ही खुर्चीतच बसून राहिलात. मला वाटलं, घेरी आली. तुम्ही बोळा गालात सारून म्हणालात, "जनमभर म्या कापूस दाबला. आज मीच कापूस दाबून बसलो." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "तुमी इचारलं नाही कोन हाय, कोन्या वस्तीतला हाय. निरं बोट घातलं तोंडात. आमच्या गावात आमाले पानी बी वरून ओतत."

मी म्हटलं, "दाढेला जात नसते, किसनजी."

"हे लिवा बोर्डावर," तुम्ही म्हणालात. मी लिहिलं नाही. तेवढं धाडस तेव्हा माझ्यात नव्हतं, आणि हे तुम्ही मला पुढं निदान पन्नासदा ऐकवलंत.

त्याच दिवशी माझ्या टेबलावर तो तुटका स्क्रू पडलेला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. वाकडे दात सरकवायला टाळूला बसणारी एक गुलाबी प्लेट असते, तिच्यात तो बसवतात आणि बारीक किल्लीनं फिरवतात, म्हणजे तो दाताला मागून रेटतो. मुंबईहून मागवलेला, आणि पहिल्याच वापरात तुटलेला. तुम्ही तो ग्रीसच्या बोटांवर घेऊन उजेडात धरलात. "हा एवढासा? द्या इकडे," म्हणालात आणि मी हो म्हणायच्या आत खिशात टाकलात. चार दिवसांनी परत आलात ते कारखान्याच्या लेथवर केलेला नवा स्क्रू आणि तारेची किल्ली घेऊन. त्याचे आटे पाहायला मला भिंग लावावं लागलं. मुंबईच्या मालापेक्षा तो सरस होता आणि ते तुम्हाला ठाऊक होतं. कारण तुम्ही तो टेबलावर ठेवलात आणि छताकडे पाहत बसलात.

मी सांगितलं, आठवड्यातून एकदा पाव फेरा द्यायचा. तुमचं डोकंच फिरलं. "पाव? आठ दिवसातून पाव? डाक्टर, तुमी दात सरकवून राह्यले का मुहूर्त पाहून राह्यले?"

तुमची तरी काय चूक? तुम्ही प्रेसवरचे फिटर. तुमच्याकडे रीतच निराळी. कापसाची गाठ दाबून झाली, खूण गाठली, तरी वरचा एक फेरा द्यायचाच. दाब सुटला की कापूस फुगतो, तो फुगणार हे धरून आधीच जास्तीचं दाबून ठेवायचं, आणि मग लोखंडी पट्ट्या बांधायच्या. अकोल्यात कुठल्याही प्रेसवाल्याला विचारा, वरच्या फेऱ्याशिवाय त्याचा हात गाठीवरून निघत नाही. लग्नाच्या पंगतीत आग्रहाची जिलबी वाढावी तसा तुम्ही तो फेरा द्यायचात.

म्हणून मी सांगत होतो, आणि तुम्हाला पटत नव्हतं, की दात हाडात ठोकलेला नसतो. तुमचं म्हणणं, "ठोकला नाही तं मंग माही दाढ काढतानी तुमचा जीव काहून निंगाला?" अखेर एका रविवारी सकाळी तुम्ही खाटकाकडून बकऱ्याचा जबडा आणि कारखान्यातून करवत घेऊन आलात. माझ्या बायकोनं दारातून आत पाहिलं. दोन शहाणीसुरती माणसं बकऱ्याच्या जबड्यावर वाकून करवत चालवत होती. "दोघंबी बह्याड," एवढाच आमच्या खुळेपणावर शेरा मारून ती गेली, आणि त्या दिवशी घरात वरण-भात झाला.

पण जबडा उभा चिरल्यावर तुम्हीच आधी पाहिलंत. दात आणि हाड यांच्यामध्ये एक बारीक रेघ. पोस्टकार्डाच्या जाडीची. तिच्यात धागे होते. तुम्ही सुईच्या टोकानं ते हलवून पाहिलेत आणि म्हणालात, "अरे, हे तं बाज हाय! सुतळीवर टांगेल हाय दात!" त्यानंतर मी कितीही रोग्यांना समजावलं असेल, पण बाजेपेक्षा बरा दाखला मला सापडला नाही.

मी तुम्हाला सांगितलं की बाजेच्या या सुतळीत जीव असतो. धाग्यांमध्ये पेशी असतात, रक्त खेळत असतं. दाताला एका बाजूनं हळू रेटलं की पुढच्या बाजूच्या पेशींवर दाब पडतो, आणि तिथलं हाड खायला लागतं शरीर. मागच्या बाजूचे धागे ताणले जातात, आणि तिथं नवं हाड भरतं. पुढून खोदायचं, मागून बुजवायचं, असं दाताचं अख्खं घरच सरकत जातं. तुमच्या स्क्रूचा पाव फेरा म्हणजे बरोबर पोस्टकार्डाची जाडी, त्या रेघेएवढी. त्याच्यावर रेटलं तर धागे चेपतात, त्यातलं रक्त थांबतं, पेशी मरतात. मग हाड खायला कोणी उरत नाही, आणि दात अडून बसतो. आणखी रेटलं तर सैल होतो, गेला तर जातोही.

"मंजे जास्त दाबलं तं कमी सरकते?"

"हो."

"हे तं प्रेसच्या निरं उलटं हाय," तुम्ही म्हणालात आणि बिडी पेटवायचीही विसरलात. थोड्या वेळानं तुम्ही तो प्रश्न विचारलात, ज्याच्यावर आपली दहा वर्षं गेली. "पन डाक्टर, दाब पडला हे त्या पेशीले समजते कसं? तिले ना डोये, ना कान. इकडचं खाय, तिकडचं भर, हे तिले कोन सांगते?"

"माहीत नाही. पुस्तकात नाही."

तुमचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "पुस्तकात नाही म्हन्ता! मंग तं आपनच शोधू!"

पुढच्या आठवड्यात तुम्ही सुशीला घेऊन आलात. बारा वर्षांची, दोन वेण्या, उजवा हात कायम तोंडावर. तिचा तो पुढचा दात आत वळून खालच्या दातांच्या मागं अडकला होता. हसली की ऐन मधोमध काळी फट दिसायची. शाळेत पोरी तिला 'खिडकी' म्हणत. 'स' म्हटला की शिटी वाजे, म्हणून तिनं 'स' असलेले शब्दच टाकले होते. स्वतःचं नाव सांगायची वेळ आली की ती पाटीवर लिहून दाखवायची. तुम्ही म्हणालात, "आपला स्क्रू पहिले हिच्याच तोंडात बसवा. बिघडलं तं आपलेच दात अन् आपलेच ओठ."

प्लेट बसली. किल्ली तुमच्या घरी तसबिरीखालच्या खिळ्याला दोऱ्यानं टांगलेली असायची. रविवारी सकाळी आंघोळ झाली की तुम्ही हात धुऊन, चष्मा लावून, पाव फेरा द्यायचात. दोन महिन्यांत दात हलला. भिंतीला टेकलेला माणूस जरा पुढं झुकावा, तेवढाच. पण हलला. तुम्ही रोज तो पाहून यायचात आणि कारखान्यात सगळ्यांना सांगायचात. तुमच्या खात्यातले चार जण केवळ तो दात पाहायला माझ्या दवाखान्यात आले होते. दाराशी वहाणा काढून आत आले, देवळात यावं तसे.

आता ती गोष्ट, जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही. सांगायला हे पत्र उशिराच आहे, पण संध्याकाळी दवाखान्यात येऊन बसायचात तेव्हा तुम्ही उशिरा येणाऱ्या रोग्यांनाही कधी हाकललं नाहीत, ते काम माझंच होतं.

तुम्ही नागपूरहून दीक्षा घेऊन आलात, त्यानंतरची ती दुसरी जयंती. वस्तीत मोठी सभा ठरली होती. भाषण करायला एक मुलगी हवी होती आणि मास्तरांनी सुशीचं नाव काढलं. भाषण तिनं स्वतःच लिहिलं होतं, वर्गात पहिली येणारी पोर ती. तुमची छाती फुगली, आणि मागोमाग घोर लागला. शिटी वाजणार, लोक हसणार, पोर पुन्हा कधी उभी राहणार नाही. तुम्ही मला विचारलंत, "तोवर होते का, डाक्टर?" मी म्हटलं, "होतं की! जयंतीला दात बाहेर." नुसतं तुम्हाला म्हटलं नाही. मुंबईच्या माझ्या सरांनाही लिहून टाकलं की अकोल्यात तयार झालेल्या स्क्रूनं एप्रिलात काम फत्ते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मार्चातला एक रविवार. तुम्ही सुशीला घेऊन दवाखान्यात आलात, कारण माझं पायानं चालवायचं ड्रिल बिघडलं होतं. तुम्ही त्या यंत्राखाली डोकं घालून बसलात, आणि त्या आठवड्याचा पाव फेरा मी दिला. पाव नाही, किसनजी. पाऊण. पाव तुमच्या स्क्रूचा आणि वरचा अर्धा माझ्या फुशारकीचा. बकऱ्याचा जबडा चिरून तुम्हाला जे शिकवलं ते मीच विसरलो. मनात म्हटलं, एकदा चालून जाईल. तुम्ही यंत्राखालून ओरडलात, "झालं का?" आणि मी म्हटलं, "झालं."

दोन आठवड्यांनी तुम्ही भरदुपारी तिला घेऊन आलात. एप्रिलचं ऊन, सुशीचा चेहरा लाल, हिरडी सुजलेली. दात पुढं आला नव्हताच. आता तो हलत होता, पण पिकल्या बोरासारखा, सगळीकडे. मी आरशाच्या दांड्यानं ठोकून पाहिलं. आवाज बसका. हा दात गेला तर पोरीच्या तोंडात जन्माची खिडकी, आणि ती मी पाडलेली.

तुम्ही म्हणालात, "डाक्टर, माह्याकडून एक फेरा जास्तीचा झाला. वरचा. सवय हाय हाताले."

आणि मी तुमच्यावर तुटून पडलो. बाकड्यावर बसलेल्या सगळ्या रोग्यांसमोर. किती वेळा सांगितलं होतं, ही काय कापसाची गाठ आहे, पोटच्या पोरीच्या तोंडाची प्रेस केलीत, आणि शेवटी, "हा दात गेला तर तुमच्या हातानं गेला!" सुशी मान खाली घालून वेणीचं टोक चावत होती. तुम्ही टोपी हातात घेऊन उभे होतात. "हाव डाक्टर," तुम्ही म्हणालात, "माह्याच हातानं."

त्या वेळी मी प्लेट हातात घेऊन आटे मोजले असते तर मला काही कळलं असतं. मी मोजले नाहीत. मोजायची भीती वाटली. चुकून माझा अर्धा त्यात दिसला असता.

प्लेट काढून ठेवली. आता औषध एकच होतं, काही न करणं. दाब काढला की रक्त परत फिरतं, मेलेलं साफ होतं, नव्या पेशी येतात, धागे पुन्हा हाडाला धरतात. धरले तर. मी सुशीला बजावलं, "दाताला बोट लावायचं नाही, जीभ लावायची नाही, आणि तोंडावर हात तर मुळीच न्यायचा नाही. हाताचा धक्काही त्याला सोसायचा नाही." तुम्ही रोज कारखाना सुटला की यायचात. आत न येता दारातूनच विचारायचात, "धरते का?" मी म्हणायचो, "पाहू." तुम्ही परत जायचात. वाद नाही, चेष्टा नाही, बिडी नाही. तेवढे दिवस मात्र तुम्ही खरोखरच मितभाषी होता.

जयंतीला मी आलो होतो. तुम्ही लाउडस्पीकरची तार हातात धरून मांडवाच्या खांबापाशी उभे. सुशी उभी राहिली. दात जिथल्या तिथं, आत, आणि त्यात सैल. ती माइकसमोर गेली आणि तिचा उजवा हात सवयीनं वर निघाला. अर्ध्यावर आला. मग माझी ताकीद आठवली असावी, तिनं तो खाली घेतला आणि फ्रॉकला घट्ट धरून ठेवला. पहिल्याच वाक्यात नाव होतं. "सुशीला," ती म्हणाली, आणि लाउडस्पीकरमधून अशी शिटी वाजली की वस्तीतली कुत्री उठली. कोणी हसलं नाही. बायांच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं, "बोल वं माय, बोल!" आणि ती बोलली. 'स' आला की शिटी, शिटी झाली की पुढचं वाक्य. शेवटी शेवटी तिला त्या शिटीची गंमतच वाटायला लागली, मुद्दाम 'समाज', 'संघटना', 'शिक्षण सर्वांसाठी' असं ठासून म्हणत होती. टाळ्या थांबेनात. तुम्ही गर्दीतून मला शोधत आलात, डोळे वाहत होते. "दात आतच हाय डाक्टर," तुम्ही म्हणालात, "पन हात पाह्या! हात खाली हाय!"

मे संपता संपता दात धरला. ठोकला की पुन्हा खणखणीत बोलायला लागला. मग नव्यानं सुरुवात, पाव फेरा, फक्त पाव. पोळ्याच्या दिवशी सुशीनं माझ्या दवाखान्याच्या पायरीवर बसून त्याच दातानं मक्याचं कणीस खाल्लं. तुम्ही शेजारी बसून प्रत्येक घासाला मोठ्यानं शाबासकी देत होतात, रस्त्यावरून पोळ्याचे बैल चालले होते, आणि माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस होता. मी म्हटलं, "अजून वर्षभर झोपताना प्लेट घालावी लागेल, नाहीतर धागे त्याला मागं ओढतील." मला वाटलं, आता वाद. तुम्ही म्हणालात, "हाव तं. पट्टी बांधल्याबिगर गाठ फुगनारच." एवढंच एक तुम्हाला माझ्याकडून शिकावं लागलं नाही.

पुढं सुशीला अमरावतीत नोकरी लागली, तुम्ही तिच्याकडे गेलात, आणि पोस्टकार्डं सुरू झाली. वर तब्येत, मधे संत्र्यांचा हंगाम, खाली तोच प्रश्न. 'पेशीले कोन सांगते, समजलं का?' सोबत तुमचे शोध. एकदा लिहिलंत, पेशीला तहान लागत असेल, रक्त कमी झालं की ती हाका मारते. एकदा लिहिलंत, धागा ताणला की वाजत असेल, एकतारीसारखा. एकदा तर कहर केलात. हाड दाबलं की त्यातून करंट निघत असेल. मी उलट टपाली लिहिलं की फिटरनं फिटरचं काम करावं. आणि मग एका मासिकात मी वाचलं की दूरदेशी शहाणी माणसं नेमकं हेच तपासत बसली आहेत, दाबलेल्या हाडातली वीज. तेव्हा मी पहिल्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून अमरावतीला तुमच्याकडे आलो.

तेव्हाच तुम्ही खाटेवर होता. माझ्याच हातची कवळी तुम्हाला सैल झाली होती. मी सांगितलं, दात गेले की खालचं हाड झिजतं, त्याला दाब मिळत नाही ना. तुम्ही म्हणालात, "कामाबिगरचं हाड अन् कामाबिगरचा मानूस, दोनी झिजते." मग मी मासिकातलं सांगितलं. तुम्ही उठून बसलात. सुशीला हाका मारल्यात, शेजाऱ्यांना बोलावलंत, आणि सगळ्यांसमोर माझ्याकडून कबूल करवून घेतलंत की फिटर बरोबर होता. इतके खूश होता की मी जे मनात धरून आलो होतो, तो पाऊण फेरा, ते माझ्या तोंडून निघालं नाही. म्हटलं, पुढच्या खेपेला. पुढची खेप परवाची होती.

तर परवा मांडव रिकामा झाल्यावर सुशीनं मला चहा दिला आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. तुम्हाला सांगता आलं नाही, निदान तिला तरी. मार्चातला रविवार, पाऊण फेरा, आणि दहा वर्षं तुमच्या डोक्यावर ठेवलेलं माझं खापर. ती ऐकत राहिली. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "काका, मीबी फिरवला होता."

"काय?"

"दोन डाव. पाव-पाव. भाषनाची घाई मले नव्हती का? बाबा कारखान्यात गेले की खिळ्यावरची किल्ली घेतली अन् आरशात पाहून फिरवला. तिसऱ्या डावाले बाबांनी हात धरला."

मी विचारलं, "आणि किसनजींचा फेरा?"

"त्यायनं कुठी फिरवला? रविवारचा पाव, त्याच्यावर केसभर नाही. तुमी बकऱ्याचा जबडा दाखवल्यापासून ते तं किल्लीले हात लावाले भेत." ती आता हसत होती आणि रडतही होती. "त्यायनं प्लेट हातात घेतली, आटे मोजले. म्हणाले, अर्धा तुहा हाय. मंग हा दुसरा अर्धा डाक्टरचा. दोगंबी बह्याड. चाल दवाखान्यात, अन् तू तोंड उघडजो पन बोलू नको."

मी म्हटलं, "अगं, पण स्वतःवर काहून घेतलं त्यांनी?" बघा, माझ्याही तोंडून 'काहून' निघालं.

"मीबी इचारलं होतं. म्हणाले, तुले बोलला डाक्टर तं तू सभेत उभी राहत नाही. अन् डाक्टर नवा हाय, पोट्टीचा दात घालवला असं झालं तं त्याच्या खुर्चीत कोनी बसत नाही. मी प्रेसवाला. माह्याकडून वरचा एक फेरा झाला तं कोनाले नवल वाटते?"

किसनजी, चहा गार झाला. मी रडलो, मग हसलो, मग सुशीच्या पाठीवर थाप मारून पुन्हा रडलो. एवढी वर्षं मला वाटत होतं की माझं तुम्हाला काहीतरी सांगायचं राहिलंय. तुम्हाला ते माझ्याआधी माहीत होतं. दर पोस्टकार्डाखाली 'समजलं का' असं विचारून तुम्ही माझी फिरकी घेत होता की काय, अशीही शंका आता येते. घेतली असेल तर मनसोक्त घेतलीत, आणि मला ती फार आवडली. घरी आल्या आल्या मी रंगाचा डबा काढला आणि बोर्डावर ती ओळ लिहिली. दाढेला जात नसते. अक्षर वाकडं आलंय, पण वाचता येतं.

दाब पडल्याचं पेशीला कोण सांगतं, हे अजून पुस्तकात आलेलं नाही. मी वाचत राहीन. पण तुम्हाला कोणी सांगितलं होतं? आटे मोजून फेरे कळतात, ते मान्य. खुर्चीत एक पोर आणि खुर्चीमागं एक डॉक्टर, दोघं किती घाबरलेत, ते कुठल्या आट्यावरून मोजलंत? मी सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडत होतो. तुम्ही आम्हा दोघांकडे एकेकदा पाहिलंत, टोपी हातात घेतलीत आणि म्हणालात, "हाव डाक्टर, माह्याच हातानं."